आजीचे दुःख आणि नातीची पदवी

मुलाने किंवा मुलीने बी.ए.ला साहित्य हा विषय घेतला, की आपल्या घरांत पहिला प्रश्न पोटाचा येतो. तो प्रश्न गैर नाही. हातावर पोट असलेल्या आईबापांनी तो विचारलाच पाहिजे, आणि मुलांनी त्याचे उत्तर नोकरीच्याच भाषेत दिले पाहिजे. साहित्य शिकून शिक्षक होता येते, वृत्तपत्रात जाता येते, स्पर्धा परीक्षाही देता येते. एवढे सांगून मी तो प्रश्न बाजूला ठेवतो. मला अधिक अवघड वाटतो तो आया विचारतात तो प्रश्न: "गोष्टी लिहायला शिकणं म्हणजे खोटं बोलायला शिकणंच की! आणि आमचीच गाऱ्हाणी लिहून तुला मार्क मिळणार असतील, तर त्यात आमचं काय?"

रोज पंचशील म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. भगवंतांनी राहुलाला थट्टेतसुद्धा खोटे बोलू नकोस असे बजावले होते. मग न घडलेल्या माणसांच्या न घडलेल्या गोष्टी लिहिणाऱ्याचे चौथे शील कोठे राहिले? पाली अट्ठकथांत याचा बारकाईने विचार केलेला आहे. गोष्ट असत्य असणे एवढ्याने मुसावाद पूर्ण होत नाही. फसविण्याची इच्छा असावी लागते, तसा प्रयत्न असावा लागतो आणि ऐकणाऱ्याला तो अर्थ पोहोचावा लागतो. कथा ही कथा म्हणूनच पुढे ठेवली, तर कोणी फसत नाही. नाहीतर माकडे-हरणे बोलणाऱ्या जातककथा आपण मुलांना सांगितल्याच नसत्या. उलट, 'हे माझे खरेखुरे आयुष्य' असे म्हणून दोन दिवसांच्या उपासाचे जो आठ दिवस करतो, त्याचे शील मोडते, मग परीक्षक कितीही गहिवरोत.

आता दुसरा भाग, आमचे काय? येथे मला अमेरिकेतील मार्गारेट वॉकर या कृष्णवर्णी लेखिकेची आठवण होते. आयोवा विद्यापीठात फार पूर्वीपासून कविता किंवा कादंबरी हाच पदवीचा प्रबंध म्हणून देता येतो; लेखन शिकविण्याची तेथील कार्यशाळा 1936 सालची. मार्गारेटबाई 1940 साली तेथून एम.ए. झाल्या, त्या स्वतःच्या कवितासंग्रहावर. पुढे चार मुलांचा संसार आणि मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातली मास्तरकी सांभाळून त्या पुन्हा आयोवाला गेल्या. 1965 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, तीही कादंबरीवर. ती 'ज्युबिली' 1966 साली प्रसिद्ध झाली.

ही कादंबरी त्यांच्या पणजीची. पणजी गुलाम होती. तिच्या लेकीने, म्हणजे मार्गारेटबाईंच्या आजीने, ती हकीकत रात्री नातीला सांगावी. बाप म्हणे, पोरीला कसल्या थापा सांगता? आजी रागावून म्हणे, थापा नाहीत, उघडेनागडे सत्य सांगते आहे. मोठी झाल्यावर हे लिहीन, असा शब्द नातीने आजीला दिला. कॉलेजात असतानाच, 1934 साली, तिने लेखनास आरंभ केला आणि ते पूर्ण व्हायला तीस वर्षे लागली. एवढी वर्षे का? आजीवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. वर्गातले गोरे विद्वान आजीच्या शब्दाला पुरावा मानणार नव्हते, म्हणून जुनी दप्तरे, गुलामांनी सांगून ठेवलेल्या हकीकती, यादवी युद्धाचा इतिहास हे सारे त्यांनी चाळले. विद्यापीठाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. दुःख आजीचे होतेच. ते कोणाला नाकारता येऊ नये एवढे पक्के करण्याचे साधन नातीला शिक्षणाने दिले.

आपला याच्याशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आपल्या तरुण लेखकांना करून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'ज्युबिली'ची नायिका फटके खाते, तिचे नवे घर जाळले जाते, तरी ती कोणाचा द्वेष धरीत नाही. अमेरिकेत तो काळ मोर्चांचा आणि संतापाचा होता. चवताळलेली नायिका टाळ्या घेऊन गेली असती. पण पणजी तशी नव्हती, म्हणून नातीने तिला तशी केली नाही. आमच्या काही तरुण लेखकांची आई मात्र मुलगा एम.ए. झाल्याबरोबर कथेत भाषण करू लागते! शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जिने मुकाट्याने पोरे शिकविली, तिच्या तोंडी आपले वाक्य घालणे ही तिची उंची वाढविणे नव्हे. तिच्या मुकाट्याने राहण्यातही विचार होता. तो शोधण्याचे कष्ट नकोत, म्हणून घोषणा.

मार्गारेटबाईंच्या आजीची इच्छा होती की हे लिहिले जावे. आपल्याकडे तसे नेहमी नसते. माझी एक जुनी विद्यार्थिनी मराठी घेऊन एम.ए. करते आहे. तिने आईवर लिहिले आणि छापायला देण्यापूर्वी आईला वाचून दाखविले, कारण आईला अक्षरओळख नाही. आईने सारे ऐकले. पाणवठ्यावर झालेली मारहाण राहू दे म्हणाली. घरात नवऱ्याकडून झालेली मात्र काढ म्हणाली.

मुलगी माझ्याकडे आली. सर, अन्याय तर दोन्ही. एक ठेवून एक काढला तर ते अर्धसत्य नाही का? मी तिला म्हणालो, पहिली मारहाण साऱ्या वस्तीची आहे, दुसरी एकट्या आईची. एकटीची आहे तिच्यावर एकटीचा हक्क आहे. तिला हे पटले नाही. बायकांचे दुःख प्रत्येक घरात एकटीचे म्हणूनच झाकले जाते, असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. तरीही आई हयात आहे तोवर तो मजकूर वहीत ठेव, असेच मी सांगितले. तिने तो काढला आहे, फाडलेला नाही. सुट्टीत घरी गेली की ती आईशी पुन्हा बोलणार आहे.