रथ, लगाम आणि तारुण्य

भिलाई ही पोलादाची नगरी. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे, त्यांत मराठीही, तेथील सेक्टरांत स्थिरावली. सायकलीवरून पाळीला जाणाऱ्या त्या पिढीचा नातू आज मोटारीची किल्ली हाती घेतो. फाटकाबाहेर पडताच त्यास वाटते की, आता कोणास विचारावयाचे उरले नाही! या आनंदाला तुच्छ लेखणे बरे नव्हे. वडिलांच्या सवडीने जाणेयेणे करणाऱ्या मुलास प्रथमच दिशा निवडता येते, ही लहान गोष्ट नाही. परंतु वाहन हाती आले म्हणजे स्वातंत्र्य हाती आले काय?

कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. घोडे उधळले तरी रथ धावतोच, किंबहुना अधिकच वेगाने धावतो. मात्र स्वामीला जावयाचे असते तेथे तो जात नाही. तरुण ज्याला आपली इच्छा म्हणतो, ती पुष्कळदा मागे बसलेल्या मित्रांची वाहवा असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. जामीन देताना त्या मुलास अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले, याचा लोकांना संताप आला. तो साहजिक होता. तथापि अशा प्रसंगी प्रश्न एकट्या मुलाचा नसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधासाठी पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. महाभारत वाचलेल्यास यात नवल वाटू नये. दुर्योधनाच्या हट्टापुढे नमणारा धृतराष्ट्र केवळ डोळ्यांनी आंधळा नव्हता.

मग किल्ली कुलुपात ठेवावी काय? तसे केल्यास बुद्धीला सारथ्य कधी शिकताच येणार नाही, आणि पुढे नोकरीसाठी परगावी गेलेला तोच मुलगा पहिल्याच मोहाला बळी पडेल. अर्जुनाने लगाम श्रीकृष्णाच्या हाती दिले होते. तरी रथ दोन्ही सैन्यांमध्ये उभा करण्याची आज्ञा त्याचीच होती. अठराव्या अध्यायात सर्व उपदेश संपल्यावर भगवंत त्याला सांगतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. इच्छेची मोकळीक तेथे आहे, परंतु ती विचारानंतर येते. शिकाऊ परवान्यावर मोटार चालविणाऱ्याच्या शेजारी परवानाधारक माणूस बसलेला असावा, असा नियम आहे. भिलाईच्या रुंद रस्त्यांवर जे वडील ते महिने खरोखर शेजारी बसून काढतात, चूक झाली तर ओरडत नाहीत आणि घाई झाली तर थांबवितात, त्यांना पुढे एके दिवशी ती जागा रिकामी सोडून खाली उतरणे सुचते.