ईश्वराचे आभार आणि शेजाऱ्याचा देव

कृतज्ञता हा सद्गुण आहे की नाही याविषयी नीतिशास्त्रज्ञांत फारसा वाद आढळत नाही. झालेल्या उपकाराची जाणीव न ठेवणारा मनुष्य निंद्य होय, हे सर्व धर्मांस व ज्यांस कोणताच धर्म मान्य नाही अशा विचारवंतांसही संमत आहे. परंतु हीच भावना मनुष्याकडून ईश्वराकडे वळली म्हणजे प्रश्न उभे राहू लागतात. मनुष्याचे आभार मानताना देणारा कोण, त्याने काय दिले व त्याची फेड कशी करावी, हे तीनही मुद्दे बहुधा स्पष्ट असतात. ईश्वराच्या बाबतीत पहिल्या मुद्द्याविषयी धर्माधर्मांत मतभेद आहे, दुसऱ्याविषयी विचारी मनात शंका आहे आणि तिसऱ्याचा विचार बहुतेकांनी केलेलाच नसतो. या तिन्हींचा परामर्श घ्यावा, आणि तो हवेत न घेता आपल्या पायाखालच्या भूमीच्या आधाराने घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ती भूमी म्हणजे वसईपासून डहाणूपर्यंतचा, 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा. एवढ्याशा पट्ट्यात एकाच पावसाबद्दल व एकाच समुद्राबद्दल किती प्रकारांनी आभार मानले जातात हे पाहण्यासारखे आहे. श्रावणी पौर्णिमेस सातपाटीचे कोळी वाजतगाजत किनाऱ्यावर जाऊन दर्यास नारळ अर्पण करतात. जव्हार-डहाणूकडील वारली नवे धान्य कणसरी देवीस दाखविल्यावाचून मुखात घालीत नाही. वसईचे ख्रिस्ती शेतकरी ऑक्टोबरच्या आरंभी आगेऱ्याच्या सणास नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. पारशी कुटुंबात मंगल प्रसंगी जशन होते. त्या विधीचा गाभाच आभारप्रदर्शनाचा आहे. चिंचणी-तारापूरचा मुसलमान जेवण उरकताच अल्लाची स्तुती उच्चारतो, आणि बोईसरच्या कारखान्यांत कामास आलेला बिहारी मजूर छठच्या दिवशी पाण्यात उभा राहून मावळत्या सूर्यास अर्घ्य देतो.

आता प्रश्न असा की, या सर्वांचे आभार योग्य स्थळी पोहोचतात काय? प्रत्येकाने आपलीच श्रद्धा खरी मानावी, तर इतरांचे आभार चुकीच्या पत्त्यावर धाडलेल्या मनीऑर्डरीप्रमाणे समजावे लागतील. यावर सुशिक्षितांत एक सोपे उत्तर रूढ आहे : देव एकच, नावे अनेक, सबब सर्वांचे आभार एकाच ठिकाणी जमा होतात. हे उत्तर सद्हेतूने दिलेले असले तरी आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. ज्यांच्या वतीने ते दिले जाते त्यांना ते मान्य आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. समुद्रास नारळ वाहणे म्हणजे आपल्याच प्रार्थनेचे दुसरे रूप, असे श्रद्धाळू मुसलमान मानणार नाही. उलट वारल्याचा वाघोबा हा निर्गुण परब्रह्माचे प्रतीक आहे असे आपण म्हटले, तर वारली आपल्याकडे नवलाने पाहील. वाघबारशीस तो शेंदूर लावतो तो रानातल्या वाघास. गुरावासरांस व माणसांस त्याने वर्षभर राखले म्हणून, आणि पुढेही राखावे म्हणून. मतभेद पुसून टाकून साधलेला सलोखा हा शेजाऱ्याचे म्हणणे न ऐकता त्यास होकार देण्यासारखा आहे.

यातून मार्ग काढावयाचा तर कृतज्ञतेचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. मला काही मिळाले आहे, आणि ते माझ्या कमाईपेक्षा अधिक आहे, हा पहिला भाग. ते कोणी दिले, हा दुसरा. दुसरा भाग श्रद्धेचा आहे. त्यावर वाद होऊ शकतो व होत राहील. पहिला भाग मात्र अनुभवाचा आहे. पाऊस मी पाडला नाही, ज्या भाषेत विचार करतो ती मी घडविली नाही, आईचे दूध मी विकत घेतले नाही. आपल्या पूर्वजांनी यास ऋण हा शब्द योजिला आणि देवऋण, ऋषिऋण व पितृऋण असे त्याचे भाग पाडले, यात मोठे मर्म आहे. सावकाराचे नाव वा ठिकाण ठाऊक नाही, किंवा त्याविषयी भावाभावांत एकमत नाही, एवढ्याने कर्ज फिटत नाही. दोन भाऊ धनको कोण याविषयी भांडत असले तरी घर गहाण आहे याविषयी त्यांचे एकमत असू शकते. धर्माधर्मांतील संवादास इतकी सामायिक भूमी पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

परंतु येथे अधिक अवघड असा दुसरा प्रश्न पुढे येतो. काय मिळाले म्हणून आभार मानावयाचे? वादळातून एक होडी परत आली व दुसरी बुडाली. परत आलेल्याने देवाचे आभार मानावेत हे स्वाभाविक आहे. पण देवाने मला तारले, या वाक्याचा उत्तरार्ध बुडालेल्याच्या विधवेने ऐकावा काय? माझ्या लाभास मी ईश्वराची विशेष कृपा म्हटले की दुसऱ्याच्या हानीस मी नकळत त्याची अवकृपा ठरवितो. आभाराच्या वेषात आत्मस्तुतीच येथे घरात शिरते.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण आपल्या इतिहासात आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या मोहिमेपूर्वी त्यांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता व विजयानंतर किल्ल्यासारख्या तटाचे देऊळ बांधून तो फेडला, असे परंपरा सांगते. दोन शतके ज्या राजवटीने येथील देवळे पाडली व रयतेच्या श्रद्धेवर आघात केले, तिचा अंत झाला याबद्दल त्या वेळच्या मराठ्यास देवीचे आभार मानावेसे वाटले, यात त्यास दोष देण्याचे कारण नाही. पण त्याच विजयात वसईच्या ख्रिस्ती देवळांतील घंटा काढल्या गेल्या व पुढे त्या महाराष्ट्रातील देवालयांत टांगल्या गेल्या. मेणवलीच्या घाटावरील व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा आजही त्यांपैकीच म्हणून दाखविली जाते. ज्या नादाने एके काळी वसईचा कोळी व शेतकरी प्रार्थनेस जमत असे, तोच नाद दुसऱ्या देवाच्या आभारार्थ होऊ लागला. घंटेच्या नादात फरक पडला नसेल. ऐकणाऱ्याच्या मनात पडला असला पाहिजे. तथापि शरण आलेल्या वसईतील ख्रिस्त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली, आणि त्यांचे वंशज आज मराठीतूनच प्रार्थना करतात, हीही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे. चिमाजींचे खरे आभारप्रदर्शन वज्रेश्वरीच्या तटात अधिक आहे की त्या मोकळीकीत, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो.

यावरून एक कसोटी हाती लागते. जे आभार हरलेल्याच्या, बुडालेल्याच्या अथवा अन्यधर्मीयाच्या समक्ष, त्यास न दुखविता, मोठ्याने उच्चारता येतात ते निर्दोष. ज्यांच्यासाठी त्यास खोलीबाहेर पाठवावे लागते त्यांत काही तरी खोट आहे.

आता तिसरा प्रश्न : फेडीचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने म्हटले आहे की उपकाराची पूर्ण फेड कधीच होऊ शकत नाही. कारण ज्याने प्रथम उपकार केला त्याचे प्रथमत्व आपण कधीही मिळवू शकत नाही. मनुष्याविषयी हे खरे असेल तर ईश्वराविषयी किती तरी अधिक खरे आहे. त्यातून ईश्वरास कशाची गरज नाही हे बहुतेक धर्म एकमुखाने सांगतात. ज्या धनकोस पैसा नको त्याचे कर्ज कसे फेडावे? येथे निरनिराळे धर्म आश्चर्यकारकरीत्या एका दिशेस बोट दाखवितात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले दुसऱ्यास न देता एकटाच भोगतो तो चोर ठरविला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, भुकेल्यास दिलेले अन्न प्रत्यक्ष प्रभूस पोहोचल्याचे सांगितले आहे. इस्लामने जकात हे धर्माचे एक अंगच केले. धनको कोण याविषयी ज्यांचे जमत नाही, त्यांचे वसुली कोणी घ्यावी याविषयी मात्र जमते.

हे सारे केवळ तात्त्विक आहे असे ज्यांस वाटेल, त्यांनी तारापूरच्या खाडीपलीकडील चिंचणी गावी सापडलेल्या ताम्रपटांकडे वळावे. त्यांपैकी शके 848, म्हणजे इ. स. 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील एक पट आहे. त्या वेळी संजानच्या मंडलावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. त्याची नेमणूक दुसऱ्या कृष्णाने केली होती. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप होय, असे विद्वानांचे मत आहे. या मुसलमान अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नावेची सोय केली व एक अन्नसत्र उघडले. तेथे साळीचा भात, कालवण व तूप विनामूल्य मिळत असे. एवढ्यावर न थांबता, संजान येथे एका ब्राह्मणाने बांधलेल्या भगवतीच्या मठिकेस राजाच्या अनुज्ञेने त्याने जमीन दिली. देवीच्या नैवेद्याची व तेथील विद्वानांच्या भोजनाची ती तरतूद होती.

हे संजान म्हणजे परंपरेने पारशांचे या देशातील पहिले आश्रयस्थान. पुढे त्यांच्यावर संकट कोसळले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणूजवळच्या बाहरोटच्या लेण्यांत बारा वर्षे जपला, आणि अनेक ठिकाणे बदलून 1742 साली तो उदवाड्यास स्थिर झाला, हे त्या समाजातील प्रत्येक मूल जाणते. म्हणजे दहाव्या शतकातील या बंदरात हिंदू राजाची सत्ता, मुसलमान अधिकारी, देवीचा मठ व इराणातून आलेल्या अग्नीचे उपासक, असे सर्व एकत्र होते.

मधुमतीच्या मनात काय होते हे ताम्रपट सांगत नाही. राज्यकारभाराचे धोरण असेल, राजाची मर्जी राखणे असेल. परंतु देवीवर विश्वास असल्याचा देखावा त्याने केल्याचे दिसत नाही, व तिच्या भक्तांस आपल्या श्रद्धेकडे वळविण्याची अटही त्याने घातलेली नाही. नावेत बसणाऱ्यास त्याचा देव कोणता हे विचारल्याचा उल्लेख नाही. ज्या बंदराने त्यास सत्ता व वैभव दिले, त्या बंदराचे देणे त्याने तेथील भुकेल्यास, प्रवाशास व शेजाऱ्याच्या देवासही दिले. श्रद्धा न बदलता कृतज्ञ कसे राहावे याचा इतका जुना व नेमका धडा आपल्या दाराशी असताना आपण तो दूरदूरच्या ग्रंथांत शोधीत असतो.

याच विचाराची आधुनिक मराठी मांडणी जोतीराव फुले यांनी केली. 1891 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी अशा कुटुंबाची कल्पना केली आहे की ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान व पुत्र सत्यधर्मी असू शकेल, आणि तरीही सर्वजण एका निर्माणकर्त्याची लेकरे म्हणून एकमेकांवर प्रेम करतील. येथे मतभेद पुसलेले नाहीत. ते एका छपराखाली राहावयास आणले आहेत. आमच्या मते परधर्माचा विचार करण्याची हीच प्रौढ रीत होय. आणि ज्यास निर्माणकर्ताही मान्य नाही? त्यासही या घरात जागा असली पाहिजे. ऋण त्यासही आहेच. तो धनकोचे नाव घेत नाही इतकेच. तो निष्ठेने वसुली देत असेल, तर नुसते नाव घेणाऱ्यापेक्षा त्याची पत अधिक मानावी लागेल.

शेवटी एका धोक्याचा निर्देश केला पाहिजे. ईश्वराचे आभार मानणे हे कधी कधी मनुष्याचे आभार टाळण्याचे साधन होते. तारापूरचे अणुविद्युत् केंद्र 1969 पासून वीज देत आहे. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. त्या अणुभट्ट्या 2005 व 2006 साली सुरू झाल्या. दिवा लागला की हात जोडण्याची आपल्या घरांतून सुंदर चाल आहे. तो दिवा लागावा म्हणून कोणी तरी आपले अंगण, विहीर व गावदेवीचे स्थान सोडून गेले, ही आठवण त्या जोडलेल्या हातांत असते काय? ईश्वर अदृश्य असल्याने त्याचे आभार स्वस्तात मानता येतात. विस्थापित शेजारी दृश्य आहे, त्याचे आभार महाग पडतात. वारली कणसरीस धान्य दाखवितो तेव्हा तेच धान्य पिकविण्यासाठी त्याने स्वतः चिखल तुडविलेला असतो. आपण ताटावर बसून जो श्लोक म्हणतो त्यात तो वारली कोठेच नसतो.

म्हणून ज्यास ईश्वराचे आभार मानावयाचे आहेत त्याने ते अवश्य मानावेत, आपल्या भाषेत, आपल्या विधीने आणि आपल्या देवाच्या नावाने. शेजाऱ्यासाठी ते नाव बदलण्याची गरज नाही. शेजाऱ्याचे नाव वेगळे असेल तर ते ऐकून घ्यावे, समजून घ्यावे, व पटले नाही तर तसे सौजन्याने सांगावे. पण आभाराचे शब्द संपल्यावर नाव, अन्नसत्र व जमीन यांपैकी आपल्या हातून काय दिले गेले, याचा हिशेब मात्र प्रत्येकाने आपल्याशी करावा. त्या हिशेबात मधुमतीच्या पुढे उभे राहण्याची आपली किती तयारी आहे, हे ज्याने त्याने पाहावे.