मृताची शिळा आणि साधकाचा आचार

परमेश्वरावाचून अन्य कोणासही शरण न जाण्याचे व्रत ज्याने घेतले, त्याने दुसऱ्याच्या मृताच्या शिळेजवळ कसे वागावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु अहेरीहून भामरागडकडे अटन करीत असता तो आमच्यापुढे प्रत्यक्ष येऊन ठाकला, म्हणून त्याचा येथे विचार करीत आहोत.

आलापल्लीच्या पुढील अरण्यात माडिया गोंडांच्या गावांबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा दिसतात. त्यांवर अक्षर नाही, मूर्ती नाही. भर दुपारी थकून आम्ही अशाच एका शिळेला पाठ टेकून बसलो. एक वृद्ध माडिया जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “महाराज, तेथं नका टेकू. माहा बाप आहे तो.”

मनात उत्तर तयार होते : दगड कोणाचा बाप नसतो, देह पडताच जीव आपल्या कर्मानुसार निघून जातो. तरी आम्ही काही न बोलता उठलो. पुढे वाटेत सोबतच्या शिष्याने विचारले, “बाबा, आपण देवताभक्ती मानीत नाही. मग उठलात का? हा दोष नव्हे काय?”

मृतासाठी शिळा मांडण्याची रीत विदर्भात फार प्राचीन आहे. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. त्यांपैकी काहींचे उत्खनन १९६१-६२ साली झाले. चिमूर तालुक्यात हिरापूर येथे मोठमोठ्या शिळांची दफनस्थाने आहेत. माहुरझरीच्या वर्तुळांत मृताजवळ लोखंडी हत्यारे आणि तांब्याच्या आभरणांनी सजविलेले घोडेही सापडले. ही सामग्री अडीच ते तीन सहस्र वर्षे भूमीतच राहिली. जीवाबरोबर त्यातील काहीही गेले नाही, गेले ते केवळ कर्म. मृतासाठी मुक्या प्राण्याचा जीव घेतला जात असेल, तर ती हिंसाच होय. तिचे समर्थन आपणास करता येणार नाही.

कोणी म्हणेल, आपणही रिद्धपूर, फलटण येथील ओट्यांना वंदन करतोच; मग भेद कोणता? भेद मूलभूत आहे. आपली स्थाने परमेश्वर अवताराच्या संबंधाने पवित्र झालेली आहेत. माडियाची शिळा एका बद्ध जीवाची आठवण आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानणाऱ्याने या दोहोंची गल्लत करू नये. म्हणून त्या शिळेस वंदन नाही, तिच्याकडे मागणे नाही.

परंतु वंदन न करणे वेगळे आणि अवमान करणे वेगळे. त्या शिळेत बाप नव्हता हे खरे. पण शिळेजवळ मुलगा उभा होता, हेही तितकेच खरे. अहिंसा केवळ हातापायांची नव्हे, वाणीचीही आहे. त्याने ज्ञान विचारले नव्हते, फक्त विनंती केली होती. न विचारता दिलेले खरे उत्तरही अशा वेळी घाव घालते. आपले उठणे म्हणजे त्याच्या समजुतीला संमती नव्हे. जिज्ञासेने तो विचारता, तर सत्य सांगणे हे आपले कर्तव्यच होते.

शिष्याला हे सांगताना आणखी एक गोष्ट कबूल करावी लागली. मनात जे उत्तर आले होते, ते ज्ञानातून आले नव्हते. एका अडाणी वनवासीने आपणास उठविले, याचा राग त्यात होता. देवताभक्तीचा दोष शिष्याने शोधला. अभिमानाचा दोष मात्र आमच्यापाशी खरोखरच होता. त्याचे प्रायश्चित्त आमचे आम्हास घ्यावे लागले.

आपल्या पंथातही देह भूमीलाच दिला जातो. त्या मातीवर कोणी बेपर्वाईने पाय दिला, तर जीव तेथे नाही हे जाणूनही आपले मन क्षणभर दुखावते. तेवढी जाणीव दुसऱ्याच्या मनाविषयी ठेवावी.

आठ दिवसांनी त्याच वाटेने परतलो. शिळेस हात जोडले नाहीत, पाठही टेकली नाही. पलीकडच्या झाडाखाली बसलो. तो वृद्ध तुंब्यातून पाणी घेऊन आला.