गिटार घडवायची म्हणतोस, तर

मिरज

चि. बाळास,

बारावीनंतर गिटार घडवायला शिकायचंय, असं तू सांगितल्यापासून दाजी माझ्यावरच नाराज आहेत. त्यांचा राग मी सोसेन. तू मात्र मनातला विचार सोडू नकोस.

आधी ती गिटार पत्र्याच्या खोलीतल्या खिळ्यावरून उतरव, लेकरा. हदगावचा उन्हाळा बेचाळीसच्या वर जातो, हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं. धातूचे पडदे काही आकसत नाहीत. मानेच्या कडेवरून अंगठा फिरवून बघ. पडद्यांची टोकं टोचली, तर लाकूड सुकलंय. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, तबली, म्हणजे पेटीची वरची पातळ फळी, वर येते, तारा उचलल्या जातात आणि बोटांना जड लागतात. ज्याला वाद्य घडवायचंय, त्याला हे हातानंच कळायला हवं.

महागड्या लाकडाचा ध्यास आत्ता नको. स्पेनचे गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि कडा चक्क कागदी लगद्याच्या केल्या. आवाजाचं मर्म तबलीत आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. तबली किती पातळ करायची, आतून पट्ट्या कुठं चिकटवायच्या, खरी विद्या ती. आणि लाकडाचंच म्हणशील, तर अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार-कंपनीनं १९६९पासून ब्राझीलच्या लाकडाऐवजी आपल्या भारतातलं शिसव वापरायला घेतलं. परदेशी म्हणून ज्या गिटारी आपण कौतुकानं बघतो, त्यांतल्या कितीतरींची पाठ आपल्याच मातीतली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात आदरानं घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या गल्लीला आनंद झाला. या वाद्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, आपल्यासारख्याच शेतकऱ्यांच्या रानातून.

तुला मी जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवताना, बघायला बसवणार आहे. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, एक-दोनदाच, अगदी हलकी. फुंकर मारून भुकटी उडवतो, तार चढवतो, छेडतो, मान कलती करून ऐकतो. मनासारखं नाही झालं की तार उतरवून पुन्हा कानस. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही, म्हणून हाताआधी कान चालतो. गिटारीला अशी जवारी नसते, पण ही ऐकायची सवय तुला कोणत्याही वर्गात मिळायची नाही.

वाजवणंही सोडू नकोस. विश्वमोहन भट्टांनी गिटारीला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा जोडून मोहनवीणा केली, कारण रागाला काय कमी पडतंय ते वाजवता वाजवता त्यांना उमगलं होतं. रोज मोबाइल बाजूला ठेवून कानानंच तारा जुळव. चुकेल, चुकू दे. मग मोबाइलवर ताडून बघ.

दाजींशी मी बोलतो. पदवीचं शिक्षण चालू ठेवून सुट्ट्यांत हे शीक, इतकं त्यांच्याकडून कबूल करून घेईन. बाकी तुझं काम त्यांना दिसेल. येताना तुझी गिटार आण. प्रवासात तारा थोड्या सैल ठेव आणि एस.टी.त टपावर टाकू नकोस, मांडीवर घे.

तुझा,
मामा