गर्भस्राव: दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची?



घरात एखादीचा हमल गेला, की त्या स्त्रीच्या उशाशी एक प्रश्न येऊन बसतो: हिने काय केले? पपई खाल्ली असेल, ग्रहणात विळी हाती धरली असेल, कोणाची नजर लागली असेल. आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात अनेक भगिनी द्राक्षबागांत मजुरीला जातात. तेथे 'कामावर गेलीस म्हणूनच झाले' हेही वाक्य त्यात येऊन मिळते. असा दोष शोधणे आपल्या धर्माला मान्य आहे काय, याचा शांतपणे विचार करू या.

हिजरी सन १० मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम (र.) यांचे निधन झाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले की, या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पुत्रशोक ताजा असतानाही प्रेषितांनी (स.) ही समजूत मोडून काढली. सूर्य व चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जगण्या-मरण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ज्यांनी स्वतःच्या मुलाच्या मृत्यूशी ग्रहणाचा संबंध जोडू दिला नाही, त्यांच्या उम्मतीने तो सुनेच्या गर्भाशी जोडावा, हे शोभणारे नाही. नजर लागते हे हदीसने मान्य केले आहे. परंतु त्यावरून शेजारणीवर आरोप ठेवण्याची मुभा नाही. सूरह हुजुरातमध्ये अशा संशयालाच मनाई आहे.

मग कारण काय? वैद्यकशास्त्र सांगते की, माहीत झालेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते १५ टक्के आपोआप संपतात. पहिल्या तीन महिन्यांतील अशा घटनांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो गर्भ मुळातच पूर्णत्वास जाणारा नसतो. रोजच्या घरकामाने तो पडत नाही. सूरह हजच्या पाचव्या आयतीत गर्भाच्या अवस्था सांगताना घडलेल्या व न घडलेल्या अशा दोन्ही मांसपिंडांचा उल्लेख आहे, आणि गर्भाशयात काय टिकावे हे अल्लाहच्या इच्छेवर सोपवले आहे.

याचा अर्थ इस्लाम दोष विचारतच नाही, असा नव्हे. हुजैल कबिल्यातील एका स्त्रीने दुसरीला दगड मारला आणि तिचा गर्भ गेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या गर्भाची भरपाई देण्याचा निवाडा केला. जेथे मानवी हात उठला, तेथे जाब विचारला गेला. म्हणून गर्भवतीला मारहाण करणारा पती अल्लाहसमोर उत्तरदायी आहे. पण जेथे कोणाचा हात नाही, तेथे दुःखी स्त्रीलाच आरोपी करणे हा जुलूम आहे.

खरी जबाबदारी पुढे सुरू होते. काही घरांत 'पिशवी साफ करणे म्हणजे गर्भपाताचे पाप' या भीतीने उपचार लांबवले जातात. सोनोग्राफीने खात्री होऊन गर्भाचे स्पंदन थांबल्याचे निश्चित झाले असेल, तर उपचार ही हत्या नव्हे. डॉक्टर परिस्थिती पाहून काही दिवस थांबतात, गोळ्या देतात किंवा क्युरेटिंग करतात. पण तासाला दोन पॅड भिजावेत असा रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र पोटदुखी किंवा चक्कर यांपैकी काही दिसले, तर थांबण्यास वाव नाही. १०८ वर दूरध्वनी करावा. मिरजेची मोठी रुग्णालये फार दूर नाहीत. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अँटी-डी इंजेक्शन लागल्यास ते ७२ तासांच्या आत घ्यावयाचे असते. औषधोपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिली आहे. उपचार टाळणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

इबादतीविषयी थोडक्यात. हनफी मतानुसार गर्भाचा एखादा अवयव घडलेला असेल, तर नंतरचा रक्तस्राव निफास मानला जातो. त्याची कमाल मुदत ४० दिवस. त्याआधी रक्त थांबल्यास गुस्ल करून नमाज सुरू करावी. अवयव घडलेला नसेल तर हुकूम वेगळा आहे, म्हणून किती आठवडे झाले होते हे सांगून आलिमांना विचारावे. मृत गर्भ स्वच्छ कापडात गुंडाळून आदराने दफन करावा.

आणि तिला रडू द्यावे. इब्राहीमसाठी प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले होते, अश्रू सब्रच्या विरुद्ध नाहीत. देशाच्या कायद्यानेही हे दुःख ओळखले आहे: १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. आपण आपल्या घरात तिला किती दिवसांची विश्रांती देतो, हे प्रत्येक पतीने व प्रत्येक सासूने स्वतःला विचारावे.

अल्लाह अशा प्रत्येक मातेला धीर, आरोग्य व उत्तम मोबदला देवो आणि आपल्या जिभांना तिच्याविषयी न्याय शिकवो. आमीन.