आम्ही जामीन राहू काय?

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९, इब्री ७:२२



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत. ती शिकविताना आपण बहुधा लोभावर बोट ठेवतो. अहाब राजा लोभी होता, ईजबेल दुष्ट होती, म्हणून मुलांनो, शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नका. हा बोध खराच आहे. परंतु या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे आणि तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. नाबोथाचा खून रात्री अंधारात झाला नाही. तो दिवसाढवळ्या, गावच्या वडीलजनांसमोर, कायद्याच्या रीतीने झाला.

१. सर्व काही रीतीप्रमाणे

पाहा, ईजबेलने काहीच कमी ठेवले नाही. पत्रे राजाच्या नावाने लिहिली गेली व त्यांवर राजाची मोहोर होती. उपास जाहीर झाला. वडील व सरदार सभेस बसले. साक्षीदार एक नव्हे, दोन आणले. कारण एकाच साक्षीवरून कोणाला देहान्त शिक्षा देऊ नये असे नियमशास्त्र सांगते (अनुवाद १७:६). आरोप देवाच्या व राजाच्या निंदेचा होता आणि शिक्षाही गावाबाहेर नेऊन दिली. एखाद्या वकिलाने ते कागद तपासले असते, तर त्याला खोट काढता आली नसती. सर्व होते, फक्त न्याय नव्हता.

त्या वडीलजनांकडेही पाहा. त्यांनी स्वतः खोटी साक्ष दिली नाही की मळाही घेतला नाही. त्यांनी केवळ पत्रात लिहिल्याप्रमाणे केले. ‘आम्ही काय करणार? वरून हुकूम होता,’ असे ते घरी जाऊन म्हणाले असतील. परंतु परमेश्वराने एलीयाला पाठविले तेव्हा त्याने मोहोर तपासली नाही. तू मारलेस आणि वर ताबाही घेतलास काय, एवढेच त्याने अहाबाला विचारले. कागद पुरा झाला म्हणजे देवाच्या दरबारात खटला मिटला असे होत नाही.

२. आमच्या शेजारची गोष्ट

आमचे पाळी गाव डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात आहे. खनिजाचे ट्रक आणि त्यांची तांबडी धूळ आम्हांला नवीन नाही. त्या ट्रकांवर येथील कितीतरी घरांची चूल पेटली, हेही आम्ही जाणतो. म्हणून पुढील गोष्ट कोणावर दगड उचलण्यासाठी सांगत नाही.

लागूनच सत्तरी तालुक्यात सोनशी नावाचे लहान गाव आहे. एप्रिल २०१७ मध्ये धुळीला व पाण्याच्या हालांना कंटाळून तेथील गावकऱ्यांनी खनिजवाहू ट्रक अडविले. पोलिसांनी महिलांसह ४५ जणांना अटक केली. रस्ता अडविणे कायद्याने गुन्हा आहे, हे कोणी नाकारीत नाही. जामिनासाठी प्रत्येकी १०,००० रुपयांची अट होती. ती पुरी करण्याची ऐपत नाही म्हणून ती माणसे तुरुंगातच राहिली. आईबाप आत आणि मुले बाहेर, अशी घरांची स्थिती झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने स्वतःहून या गावाची दखल घेतली.

वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसऱ्यांदा केलेले नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. आमच्याही गावात ट्रक दाराशी उभे राहिले, हप्ते थकले, पुष्कळांनी अश्रू गाळले. ते दुःख आम्ही हलके लेखीत नाही. परंतु विचार करा. एप्रिलमध्ये ज्या वाहतुकीला कायद्याचे संरक्षण होते, तिच्या मुळाशी असलेले परवानेच पुढील फेब्रुवारीत बेकायदा ठरले. तुरुंगात मात्र सोनशीचे गरीबच जाऊन आले. कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द एकच नव्हेत, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

३. आमची स्वतःची कबुली

दुसऱ्याकडे बोट दाखविणे सोपे आहे, म्हणून आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या घरगुती प्रार्थनासभेला एक बहीण येत असे. तिचे कुटुंब मजुरीसाठी परप्रांतातून आलेले. तिच्या मुलाला चोरीच्या संशयावरून धरले. जामीन मंजूर झाला, परंतु जामीनदार स्थानिक हवा होता. ती आमच्याकडे आली व म्हणाली, “भाऊ, तुम्ही सही करा. पोरगा पळून जायचा नाही.”

आम्ही काय केले? आम्ही पवित्र शास्त्र उघडले आणि परक्याला जामीन राहणारा पस्तावतो, असा नीतिसूत्रांतील इशारा (११:१५) तिला समजावून सांगितला. मग तिच्यासाठी प्रार्थना केली. ती ‘आमेन’ म्हणाली व उठून गेली. मुलगा कित्येक आठवडे आत राहिला. पुढे खरा चोर दुसराच निघाला. मुलगा सुटला, पण त्याची रोजंदारी गेली होती, आणि ती बहीण सभेला पुन्हा आली नाही. आम्ही वचन चुकीचे वाचले नव्हते. इज्रेलाच्या वडीलजनांप्रमाणे आम्ही लिहिल्याप्रमाणे केले होते.

४. जामीन कोण झाला?

नीतिसूत्रांतील तो इशारा खोटा नाही. विचार न करता दुसऱ्याचे कर्ज अंगावर घेणाऱ्याला तो आहे. परंतु शास्त्रात जामिनाची गोष्ट तेथे संपत नाही. उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायात यहूदा बापापुढे उभा राहून बन्यामिनासाठी स्वतः जामीन होतो. याच यहूदाने पूर्वी एक भाऊ विकला होता, आता तो दुसऱ्या भावासाठी स्वतःला बांधून घेतो. फिलेमोनाच्या पत्रात पौल अनेसिमाचे देणे आपल्या खाती मांडण्यास सांगतो. आणि इब्री लोकांस पत्राच्या ७ व्या अध्यायात तोच शब्द आपल्या प्रभूला लावला आहे. येशू हा अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला आहे.

प्रियजनहो, आपल्यापैकी कोणाजवळ देवापुढे ठेवण्यासारखा सातबारा होता? आपण सर्व परप्रांतीय होतो आणि आपल्यासाठी सही करणारा कोणी नव्हता. त्याने सही केली, तीही स्वतःच्या रक्ताने. ज्याच्यासाठी असा जामीन राहिला, त्याने शेजाऱ्याच्या कागदाकडे पाठ फिरवावी काय?

आपल्या देशाच्या न्यायासनानेही ही गोष्ट ओळखली आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील एक गवंडी, मोती राम, याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ जामीन राहण्यास तयार असता त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट काढून १,००० रुपयांच्या बंधपत्रावर त्याला सोडण्यास सांगितले. गरीब माणूस आपल्याच देशात परका ठरू नये, हा त्या निकालाचा भाव होता. तरीही आज भारताच्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

५. मग कायदा नको काय?

कोणी म्हणेल, हे ऐकून चोरांचे फावेल. पोलिसांचे हात बांधू नका, शिक्षा कडक करा. असे बोलणारे आपल्या मंडळ्यांतही आहेत, आणि ज्याचे घर फुटले आहे त्याचा राग आम्ही समजतो. परंतु कायदा बाजूला सारून मिळतो तो न्यायही खरा नव्हे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्यांतील तिघे अल्पवयीन होते. त्या मृत भगिनीला न्यायालयात मिळावयाचा निर्णय कधी मिळालाच नाही.

पौलाने काय केले ते प्रेषितांच्या कृत्यांत (१६:३५-३९) वाचा. फिलिप्पै येथे त्याला व सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले. सकाळी अधिकारी त्यांना गुपचूप सोडू लागले. पौल तसा निघाला नाही. ज्यांनी कायदा मोडला त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. त्याने कायदा फेकून दिला नाही, कायदा ज्यासाठी आहे त्याची अधिकाऱ्यांना आठवण करून दिली. आणि जो बंदिपाल आदल्या रात्री त्याचे पाय खोड्यात अडकवीत होता, त्याच्याच घरी बसून तो जेवला. आपल्या घरांतील पोलीस बंधूंनाही आम्ही हेच प्रेमाने सांगतो, की तुमचे काम देवाने नेमलेले आहे, म्हणूनच त्याचा हिशेब देवाला द्यावयाचा आहे.

६. आपण काय करावे?

पहिले, माहिती करून घ्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे गरिबांना, तसेच उत्पन्न न पाहता स्त्रिया व मुलांना आणि कोठडीतील माणसाला, फुकट वकील मिळतो. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला निर्धन मानून स्वतःच्या बंधपत्रावर सोडावयाचे असते. २०२३ पासून गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्र सरकारची मदत योजनाही आहे. हे मंडळीत वाचून दाखवा. नीट चौकशी करून जामीन राहावयास तयार असतील अशा चार-दोन सभासदांची नावेही पाळकांजवळ असू द्या.

दुसरे, तुरुंगातील माणसाला भेटावे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू याविषयी विचारणार आहे (मत्तय २५). तो माणूस दोषी होता की निर्दोष, असे त्याने तेथे विचारलेले नाही.

तिसरे, संडे स्कूलच्या शिक्षकांनी नाबोथाची गोष्ट शिकविताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. त्या सभेतील एकाही वडीलजनाने ‘थांबा’ म्हटले असते तर काय झाले असते? मुलांना उत्तर शोधू द्या. आम्हीही ते अजून शोधीत आहोत.

त्या बहिणीला आम्ही नंतर शोधले. तिने राहती खोली सोडली होती. हा लेख तिच्या वाचनात येणार नाही. परंतु उद्या दुसरी कोणी दाराशी येईल, तेव्हा शास्त्र उघडण्यापूर्वी तिला आत घेऊन पाणी द्यावे आणि तिच्याबरोबर न्यायालयात जावे, एवढी कृपा प्रभूने आम्हांला द्यावी.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्यासाठी जामीन राहिलास. आमच्या देशाच्या न्यायाधीशांस, पोलिसांस व कायदे करणाऱ्यांस तुझे भय दे. निर्णयावाचून जे कोंडले आहेत त्यांची आठवण कर, आणि आम्हांला त्यांची आठवण राहू दे. आमेन.