बारा टोपल्या

शास्त्रपाठ : योहान 6:1-13, गणना 27:1-11



पाच हजारांच्या भोजनाची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. भाकरी पुरल्या, लोक तृप्त झाले, येथेच आपले मन थांबते. प्रभू मात्र तेथे थांबला नाही. पाच भाकरींतून ज्याने एवढ्यांना जेवू घातले, त्याला उरल्या तुकड्यांची काय गरज? तरीही त्याने ते गोळा करावयास लावले; आणि वाकून वेचण्याचे हे काम त्याने जमावाला नव्हे, तर आपल्या शिष्यांना सांगितले.

भिलाईत राहणाऱ्यांना या आज्ञेची एक बाजू रोज दिसते. 1959 साली तेथे पहिली झोतभट्टी पेटली. वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी धातुमळी, जिला भट्टीवर सारे स्लॅग म्हणतात, ती पाण्याच्या माऱ्याने दाणेदार केली की सिमेंटमध्ये दळली जाते. जवळच जामुल येथे सिमेंटचा कारखाना आहे. भंगार लोखंड पुन्हा पोलादाच्या भट्टीत जाते. ज्याला भाव आहे ते असे परत फिरते. पण आपल्या मोरीबाहेरच्या डब्यात पडते, त्याला कोण विचारतो? तेथे कोणीतरी माणूसच उभा राहावा लागतो.

सलाफहादाच्या पाच मुली आठवा. बापाच्या वतनात त्यांना वाटा नव्हता. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेपुढे उभ्या राहिल्या, मोशेने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे ठेवले, आणि त्यांच्या मागण्यातून साऱ्या इस्राएलासाठी नियम झाला.

पुण्यात असेच घडले. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांबरोबर पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांनी काम आरंभले आणि 1993 मध्ये, डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या स्त्रियांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली. ओळखपत्र ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण पाठीवर पोते घेऊन निघताच जिला चोर म्हणून हटकले जाते, तिला त्याचे मोल विचारावे. 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. तिकडे अल्मित्रा पटेल या एका बाईंनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून 2000 साली देशाचे पहिले घनकचरा नियम आले. पुढे 2016 च्या नियमांत कचरावेचकांनाही स्थान मिळाले. छत्तीसगडातच अंबिकापूर येथे 2015 पासून बचत गटांच्या स्त्रिया दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या. नंतर राज्याने तीच पद्धत इतर शहरांत नेली.

कोणी म्हणेल, मंडळीचे काम सुवार्तेचे, हे पालिकेचे. मग नाताळच्या प्रीतिभोजनानंतर मंदिरामागे थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग कोण पेटवतो? तो धूर प्रथम कोणाच्या झोपडीत शिरतो? आपण उष्टे आणि प्लास्टिक एकाच पिशवीत बांधतो; ती पिशवी कोणीतरी आई उघड्या हाताने सोडवते.

येत्या सणापूर्वी आपल्या पाळकांशी बोला. स्टीलची ताटे मागवा. मंदिराच्या दाराशी दोन डबे ठेवा. आपल्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या बाईंचे नाव विचारा, आणि त्यांना ओळखपत्र नसेल तर त्यांच्याबरोबर पालिकेच्या दाराशी जाऊन उभे राहा. पहिल्या खेपेस साहेब भेटणार नाहीत, हे धरूनच जा.